सुरणाला 'इतर'मधून बाहेर काढा : सीमाशुल्क मंडळाला खुलं पत्र

मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
केंद्रीय अप्रत्यक्ष कर आणि सीमाशुल्क मंडळ, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार,

मी नवी मुंबईतल्या एका छोट्या भाजीपाला एक्सपोर्ट फर्ममध्ये भागीदार आहे. कागदपत्रांची बाजू मी बघते, म्हणजे इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, फायटो, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, सीएचएच्या, म्हणजे कस्टमचं काम करणाऱ्या एजंटच्या, मागे लागणं, सगळंच. माल बहुतेक कोकणातला, थोडा घाटावरचा, जातो आखातात आणि थोडा इंग्लंडला, कारण तिकडे आपली माणसं आहेत आणि त्यांना गणपतीत अळू लागतं, आषाढीला रताळी लागतात, थंडीत सुरण लागतो. हे पत्र त्या सुरणाबद्दल आहे. मागणी एका ओळीची आहे पण ती का आहे ते नीट सांगायला जरा जागा लागेल, तर कृपया शेवटपर्यंत वाचा.

दोन वर्षांपूर्वी आमचा एक रीफर, म्हणजे माल गार ठेवणारा, कंटेनर गेला, त्यात सुरण, अळकुड्या, कोनफळं आणि रताळी असा सगळा कंदांचाच माल होता. इनव्हॉइसवर सुरणापुढे आम्ही इंग्रजीत लिहिलं 'एलिफंट यॅम', कारण तिकडचं गिऱ्हाईक त्याला तेच म्हणतं. आता यॅम म्हटल्यावर शिपिंग बिलात, म्हणजे निर्यातीसाठी कस्टमला भरून द्यायच्या कागदात, कोड पडला ०७१४ ३०, म्हणजे यॅमचा. तिकडच्या आयातदाराच्या ब्रोकरने मात्र भरला ०७१४ ९०, म्हणजे 'इतर' कंदांचा. आणि फायटोवर, म्हणजे रोपं-फळं रोगमुक्त आहेत म्हणून जे सर्टिफिकेट मिळतं त्यावर, झाडाचं शास्त्रीय नाव होतं अमॉर्फोफॅलस, म्हणजे सुरणाचं. तीन कागद आणि तिन्हींवर माल वेगवेगळा. तिकडच्या कस्टमने कंटेनर बाजूला काढला, खुलासा मागितला, इकडे आम्ही सीमाशुल्क कायद्याच्या कलम १४९ खाली शिपिंग बिल दुरुस्तीला टाकलं, या सगळ्यात अकरा दिवस गेले. सुरणाला काही झालं नाही, तो कोरड्या जागी महिनोन्महिने टिकतो, पण अळकुड्यांना बुरशी धरली आणि रताळ्यांना कोंब फुटले. डेमरेज, म्हणजे बंदरात माल अडकल्याचा आकार, धरून सव्वादोन लाखांचं नुकसान. चूक आमच्या कागदात होती हे मान्य आहे, ते पैसे आम्ही भरले. पण ती चूक झाली कशी याचा शोध घेतला तेव्हा लक्षात आलं की ही चूक उद्या दुसरा कोणीही करणार, कारण टॅरिफच्या पुस्तकात सुरण कुठेही सुरण म्हणून सापडत नाही.

तुम्हाला हे सगळं माहीतच आहे, पण हे खुलं पत्र आहे आणि वाचणाऱ्यांत शेतकरी असतील, व्यापारी असतील, म्हणून थोडं सांगते. जगात माल कुठूनही कुठेही गेला तरी त्याला एक सहा आकडी नंबर लागतो, त्याला एचएस कोड म्हणतात. ब्रुसेल्सला जागतिक सीमाशुल्क संघटना आहे, तिने बनवलेली ही पद्धत १ जानेवारी १९८८ पासून चालू आहे आणि साधारण दर पाच वर्षांनी तिच्यात बदल होतात. पहिले सहा आकडे सगळ्या जगाचे सारखे, त्यापुढचे ज्या त्या देशाचे. आपल्याकडे १९७५ च्या सीमाशुल्क टॅरिफ कायद्याच्या परिशिष्टात आठ आकडे असतात, म्हणजे शेवटचे दोन आकडे पूर्णपणे आपल्या हातात आहेत. यातच माझी सगळी मागणी आली.

आता जमिनीखाली जे जे येतं ते सगळं एका जागी असेल असं आपल्याला वाटतं, तर तसं नाहीये. बटाट्याला स्वतःचं घर आहे, ०७०१. कांदा-लसूण ०७०३. गाजर, मुळा, सलगम, बीट ०७०६. आलं आणि हळद तर भाज्यांच्या चॅप्टरमध्येच नाहीत, ती मसाल्यात, ०९१० ला. भुईमूग जमिनीत येतो पण तो तेलबियांत, १२०२. साखरेचा बीट १२१२ मध्ये आणि जेवणातला बीट ०७०६ मध्ये. एकादशीचं ताट डोळ्यांसमोर आणा, रताळं ०७१४, बटाटा ०७०१, दाण्याचं कूट ज्याचं करतात ते शेंगदाणे १२०२, साबुदाणा १९०३, आणि तो साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, ज्याला टॅपिओका म्हणतात, तो पुन्हा ०७१४. आपली आजी उपासाला काय चालतं यावरून कंद ओळखायची, कस्टम ओळखतं त्यात काय आहे आणि त्याचं काय केलंय यावरून. यात मला काही चुकीचं वाटत नाही, कुठल्यातरी एका सूत्राने वाटणी करावीच लागते आणि हे सूत्र बऱ्यापैकी विचार करून केलेलं आहे. ०७१४ चं सूत्र आहे स्टार्च किंवा इन्युलिन भरपूर असलेले कंद आणि मुळं, ताजी, गार केलेली, गोठवलेली किंवा वाळवलेली. गाजर गोठवलं की ते ०७०६ सोडून ०७१० ला जातं, पण सुरणाचे तुकडे करून गोठवले तरी ते ०७१४ मध्येच राहतात. हे एकदा कळलं की लक्षात राहतं.

अडचण पुढच्या पायरीवर आहे. ०७१४ च्या पोटात कसावाला १०, रताळ्याला २०, यॅमला ३०, टॅरोला ४०, याउतियाला ५० आणि बाकी उरलेल्या सगळ्यांना ९०. यातले ३०, ४० आणि ५० हे तिन्ही २०१२ च्या बदलांत आले, त्याआधी ते सगळे 'इतर'मध्येच होते. आणि ते का आले ते बघा. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने सांगितलं की गरीब देशांचं पोट ज्या पिकांवर चालतं त्यांचा व्यापार किती होतो हे आम्हाला दिसलं पाहिजे, तरच अन्नटंचाईची चाहूल वेळेवर लागेल, म्हणून या पिकांना वेगळे नंबर द्या. पश्चिम आफ्रिकेत यॅम म्हणजे आपल्याकडे भात-भाकरी. तेव्हा नंबर देणं ही कारकुनी गोष्ट नाहीये, कुणाचं पीक मोजायचं आणि कुणाचं नाही ते तिथे ठरतं.

आणि त्या ३० नंबरच्या यॅमपुढे कंसात लिहिलंय डायोस्कोरिया. टॅरोपुढे कोलोकेशिया. याउतियापुढे झँथोसोमा. म्हणजे इंग्रजी नाव काहीही असो, निकाल लॅटिन नावावर. हे योग्यच आहे कारण 'यॅम' शब्दाइतका गोंधळ घालणारा शब्द भाजीबाजारात दुसरा नसेल. अमेरिकेत केशरी गराच्या रताळ्याला सर्रास यॅम म्हणतात, ते रताळं आहे, कोड ०७१४ २०. आपलं कोनफळ, कणगी, कारांदा हे खरे यॅम, डायोस्कोरियाच्या जातीचे, कोड ०७१४ ३०. आणि सुरण, ज्याला इंग्रजीत सगळे एलिफंट फूट यॅम म्हणतात, तो यॅम नाहीच. सुरण अळवाच्या कुळातला आहे. त्याची भाजी करताना चिंच किंवा कोकम का घालतात, तर घशाला खाजतो म्हणून, अळूही तसंच खाजतं, दोघांत ते कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक कण असतात. कोकणातल्या कुठल्याही बाईला विचारा, सुरण आणि अळू एकमेकांचे लागतात हे ती हाताला खाज सुटते यावरून सांगेल. पण इंग्रजीतून माल ओळखायचा म्हटलं की हे ज्ञान गळून पडतं आणि सुरण यॅममध्ये जाऊन बसतो.

मग त्याचा खरा कोड काय, तर ०७१४ ९०, 'इतर'. त्याच खणात आरारुटाचं मूळ, त्याच खणात सालेप, त्याच खणात जेरुसलेम आर्टिचोक, त्याच खणात साबूच्या झाडाचा गर.

परदेशातली तीन उदाहरणं देते, कारण कोडचा शेतावर काय परिणाम होतो ते त्यातून नीट दिसतं.

पहिलं थायलंडचं. युरोपने १९६० च्या दशकात आपल्या शेतकऱ्यांसाठी बाहेरच्या धान्यावर जबर लेव्ही लावली, पण वाळवलेल्या कसावावर मात्र गॅटच्या, म्हणजे तेव्हाच्या जागतिक व्यापाराच्या, करारात ६ टक्के ड्युटी बांधलेली होती, ती वाढवता येत नव्हती. मग युरोपातल्या पशुखाद्यवाल्यांनी धान्याऐवजी कसावा आणायला सुरुवात केली, आणि थायलंडच्या ईशान्य भागातले शेतकरी कसावा लावत सुटले, लाखो टन माल गोळ्या करून रॉटरडॅमला जायला लागला आणि डच डुकरं थायलंडचा कंद खायला लागली. शेवटी १९८२ मध्ये युरोपने थायलंडशी करार करून त्या मालावर मर्यादा घातली. एका टॅरिफ ओळीवरच्या दराने हजारो मैलांवरच्या एका अख्ख्या भागाचं पीक बदललं. आजही ०७१४ च्या शीर्षकात 'गोळ्यांच्या स्वरूपातही' असे शब्द आहेत, ते वाचलं की मला तो सगळा इतिहास आठवतो.

दुसरं आपलंच आहे. १ मे २०१४ पासून युरोपियन युनियनने आपल्या हापूससकट पाच गोष्टींवर बंदी घातली होती, आंबा, कारलं, पडवळ, वांगं आणि अळू, मालात किडी सापडल्या म्हणून. आंब्याची बातमी सगळीकडे झाली, अळवाची फारशी नाही झाली. पण तो आदेश शब्दशः वाचण्यासारखा होता, त्यात लिहिलं होतं की कोलोकेशियाची झाडं, 'बिया आणि मुळं सोडून'. म्हणजे अळूचं पान बंद, अळकुडी चालू! इंग्लंडमध्ये त्या वर्षी गणपतीत अळूवडीला आपलं पान नव्हतं पण त्याच झाडाचा कंद रीतसर जात होता. एकाच झाडाचे दोन भाग, दोन कोड, पान ०७०९ मध्ये आणि कंद ०७१४ ४० मध्ये, आणि ज्यांना हे वाक्य नीट वाचता आलं त्यांचा अळकुडीचा धंदा वाचला. अळवाला शास्त्रीय नावाने स्वतःची ओळ होती म्हणून हे शक्य झालं. उद्या अशीच बंदी 'इतर'मधल्या एखाद्या कंदावर आली तर सुरणाचा माल तिच्या बाहेर आहे हे आम्ही कशाच्या आधाराने सांगायचं?

तिसरं जपानचं. तिथे कोंजॅक नावाचा कंद पिकवतात, त्याची वडी आणि शेवया करतात, हल्ली वजन कमी करणारे लोक आपल्याकडेही त्या शेवया मागवतात. हा कोंजॅक म्हणजे सुरणाचा सख्खा चुलतभाऊ, तोही अमॉर्फोफॅलस. पण त्यात स्टार्चपेक्षा ग्लुकोमॅनन नावाचा तंतू जास्त, म्हणून जपान त्याला ०७१४ मध्ये धरत नाही, १२१२ मध्ये धरतं, आणि आपल्या शेतकऱ्यांना जपण्यासाठी ठरलेल्या कोट्याच्या बाहेरच्या मालावर किलोला २,७९६ येन ड्युटी लावतं. एकाच वंशातले दोन कंद आणि एवढा फरक. म्हणजे नुसतं लॅटिन नाव लिहूनही कधीकधी भागत नाही, त्या कंदात काय आहे, तो खातात कसा, हे कुठेतरी अधिकृतपणे लिहिलेलं असावं लागतं. जपानने आपल्या कंदासाठी ते लिहून ठेवलं. आपण आपल्या सुरणासाठी नाही लिहिलं.

म्हणून मागणी अशी. ०७१४ ९० खाली सुरणासाठी एक वेगळी आठ आकडी ओळ काढा आणि तिथे 'सुरण' हे नाव शास्त्रीय नावासकट, अमॉर्फोफॅलस पिओनिफोलियस असं लिहा. इंग्रजी यॅम शब्द तिथे वापरूच नका. दुसरं, एक साधं परिपत्रक काढा, ज्यात आपल्या भाषांतली नावं कुठल्या कोडला जातात ते लिहिलेलं असेल, कोनफळ, कणगी, कारांदा यॅममध्ये, अळकुडी टॅरोमध्ये, सुरण त्याच्या ओळीत. मराठी, मल्याळम, बंगाली, गुजराती नावं टाका. गुजरातीत कोनफळाला नुसतं 'कंद' म्हणतात, अशा नावाने माल आला की डॉकवरच्या नवीन अधिकाऱ्याने काय समजायचं? त्यालाही दोष देता येत नाही, त्याच्यापुढे शंभर शिपिंग बिलं असतात.

यावर उत्तर येईल की ॲडव्हान्स रूलिंगची, म्हणजे मालाचा कोड आधीच ठरवून घ्यायची, सोय आहे, मुंबईलाच आहे, अर्ज करा. आहे, मला माहीत आहे. पण ते रूलिंग ज्याने अर्ज केला त्याच्यापुरतंच बंधनकारक असतं, शेजारच्या गाळ्यातल्या माणसाला त्याचा उपयोग नाही, आणि वर्षाला चार-पाच कंटेनर पाठवणाऱ्याने एका कंदासाठी वकील लावायचा हे हिशेबात बसत नाही. २०११ पासून सेल्फ असेसमेंट आहे, म्हणजे कोड बरोबर टाकायची जबाबदारी आमची, आणि ती आम्ही घ्यायला तयारच आहोत. फक्त पुस्तकात तो माल सापडला पाहिजे एवढंच.

दुसरं उत्तर येईल की माल थोडा आहे, एवढ्या थोड्या मालासाठी ओळ कशाला. यावर माझा प्रश्न असा की थोडा आहे हे तुम्हाला कळलं कशावरून? निर्यातीचे आकडे कोलकात्याचं डीजीसीआयएस गोळा करतं ते कोडवरूनच. सुरणाला कोड नाही म्हणून आकडा नाही, आकडा नाही म्हणून माल थोडा वाटतो, माल थोडा वाटतो म्हणून कोड नाही. आणि निर्यातदाराला भरलेले कर परत देणाऱ्या रोडटेपसारख्या योजनांचे दरही आठ आकडी कोडवर ठरतात, तेव्हा सुरणवाल्याला जे मिळतं ते 'इतर' म्हणून जे मिळेल ते. तिरुवनंतपुरमला केंद्रीय कंदपीक संशोधन संस्था १९६३ पासून काम करतेय, सुरणाची न खाजणारी गजेंद्र ही जात आज देशभर लावली जाते, आमच्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानेही कंदांवर बरंच काम केलंय. एक सरकारी खातं शेतकऱ्याला सांगतं सुरण लावा, सावलीत येतो, नारळ-सुपारीच्या बागेत आंतरपीक म्हणून येतो, आणि दुसऱ्या सरकारी खात्याच्या पुस्तकात त्या पिकाचं नावच नाही. हे मला मनापासून लागतं.

आणि तुम्ही असं पूर्वी केलेलं आहे. बंगळुरूच्या रोझ कांद्याला ०७०३ खाली वेगळी ओळ आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं, डिसेंबरमध्ये बंदी आली, ४ मे २०२४ ला बंदी उठली तरी शुल्क होतंच, नाशिक-नगरचा शेतकरी त्यात पार पिचला. आणि त्याच मे महिन्याच्या शेवटी रोझ कांद्याला मात्र शुल्कातून सूट मिळाली, फलोत्पादन आयुक्तांचा दाखला जोडून. त्या शेतकऱ्यांना सूट मिळाली याचा मला आनंदच आहे, त्यांचा कांदा इथे कोणी खात नाही, तो बाहेरच जातो. पण ती सूट इतक्या सहज देता आली याचं एक कारण हेही आहे की त्या कांद्याची ओळख आधीपासून कागदावर वेगळी होती. लासलगावच्या कांद्याचं दुःख मोठं आहे आणि त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल, इथे तो विषय वाढवत नाही. मखान्यासाठीसुद्धा २०२५ मध्ये नव्या ओळी काढल्यात. हळदीला ओली, वाळलेली, पावडर अशा वेगवेगळ्या ओळी कितीतरी वर्षांपासून आहेत. म्हणजे इच्छा असली की होतं.

वेळही बरोबर आहे. जागतिक पद्धतीची पुढची आवृत्ती १ जानेवारी २०२८ ला लागू होणार, त्यासाठी आपलं परिशिष्ट तुम्हाला उघडावंच लागणार आहे, शेकडो ओळी बदलाव्या लागणार आहेत. त्यात ही एक टाका. सहा आकड्यांत सुरणाला जागा हवी असेल तर त्यासाठी पुढच्या फेरीत भारतालाच ब्रुसेल्सला प्रस्ताव न्यावा लागेल, आफ्रिकेच्या यॅमसाठी अन्न व कृषी संघटना उभी राहिली, सुरणासाठी आपल्याशिवाय कोण उभं राहणार? पण तो प्रस्ताव नेताना पहिला प्रश्न विचारतील की तुमचा व्यापार किती, आणि त्याचं उत्तर द्यायला आधी आपली आठ आकडी ओळ चालू होऊन काही वर्षांचे आकडे जमलेले असावे लागतील. म्हणून ही ओळ आत्ता हवी. इंग्लंडबरोबरचा व्यापार करार जुलै २०२५ मध्ये सही झालाय, त्याच्या सवलती घ्यायच्या तर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनवरचा कोड आणि तिकडे भरलेला कोड जुळावा लागणार, तेव्हा असे घोळ वाढतील, कमी होणार नाहीत.

आमचा सुरण डिसेंबरमध्ये निघतो. सिंधुदुर्गातल्या सात-आठ बागांमधून येतो, माती पूर्ण झाडावी लागते कारण मातीचा कण दिसला तरी तिकडे माल परत, मग दोन दिवस वाळवून एकेक कंद कागदात गुंडाळून भरतो. यंदाही शिपिंग बिलात मी ०७१४ ९० च टाकणार आहे आणि इनव्हॉइसवर इंग्रजी अक्षरांत 'सुरण' लिहून पुढे शास्त्रीय नाव लिहिणार आहे, यॅम शब्द आम्ही आमच्या कागदांतून कायमचा काढून टाकलाय. त्या बिलाची, फायटोची आणि तिकडच्या क्लिअरन्सची कॉपी मी मंडळाकडे पाठवते, दोन वर्षांपूर्वीच्या अडकलेल्या मालाचे कागदही सोबत जोडते. तुमच्यापैकी कोणाला प्रत्यक्ष कंद बघायचे असतील, सुरण, कोनफळ आणि अळकुडी शेजारी शेजारी ठेवून, तर डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या गाळ्यावर तिन्ही असतील.

आपली विश्वासू,
नवी मुंबईतली एक कंद निर्यातदार